कमरेवरची पट्टी आणि डावीकडची सीट

मी गाडी शिकवते. मुलुंडच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये बायकांची बॅच माझ्याकडे असते. शिकणारी उजवीकडे स्टिअरिंगवर, मी डावीकडे. माझ्या पायाशीही एक ब्रेक आणि एक क्लच असतो. त्या दोन पेडलांच्या जोरावर मी आजवर कितीतरी बायकांना रस्त्यावर आणलंय. पहिल्या दिवशी डोळे मिटून देवाचं नाव घेणाऱ्या काही जणी आता हायवेवर मला हॉर्न मारून पुढे जातात.

हे आधी सांगितलं, कारण मी जे लिहितेय ते त्या डावीकडच्या सीटवरून उठावं लागण्याबद्दल आहे. पाळी जाण्याच्या वयात मला जे झालं त्याला आमच्या घरात कोणी आजार म्हणायला तयार नव्हतं. "वय झालं की होतं," एवढ्यावर विषय मिटायचा. माझा मात्र मिटत नव्हता. ज्या बायका आत्ता कुठेतरी घामाघूम होऊन बसल्यात आणि आपल्याला वेड लागतंय की काय असं ज्यांना वाटतंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. डॉक्टरकी शिकवायला बसलेली नाही. ती मला येत नाही.

टेम्पो

मे महिना होता. कल्पनाबेन नावाची माझी एक विद्यार्थिनी होती. मुलुंडचीच, साधारण माझ्याच वयाची. मुलगा परदेशी गेला आणि त्याची गाडी बिल्डिंगखाली धूळ खात पडली, ती आपण चालवायची असं तिनं मनावर घेतलं होतं. धीट नव्हती, पण चिकाटीची होती. एका आतल्या रस्त्यावर आम्ही दुसऱ्या गिअरमध्ये आरामात चाललो होतो आणि पुढे एक टेम्पो उभा होता.

मला टेम्पो दिसला. तिला थांबायला सांगायचं होतं. आणि शब्दच येईना.

जो शब्द मी दिवसभर ओरडत असते, तोच. छातीतून गरम वाफ मानेवर आली, मानेवरून डोक्यात चढली, कानांत दडे बसले आणि मी "ते दाबा... ते... अहो ते..." एवढंच म्हणत राहिले. शब्द शोधण्याच्या नादात माझा स्वतःचा पाय उचलायचाही राहिला. कल्पनाबेननं घाबरून पायाखाली जे होतं ते दाबलं. ते ॲक्सिलरेटर होतं.

टेम्पोच्या मागच्या फळीवर बंपर आपटला. कोणाला काही झालं नाही. टेम्पोवाला शिव्या देत उतरला, माझ्याकडे बघून गप्प झाला आणि पाण्याची बाटली घेऊन आला. एवढी मी घामानं निथळत होते.

"मॅडम, तुम्ही तर काय बोललाच नाय," कल्पनाबेन रडवेली होऊन म्हणाली. "मला वाटलं, मीच ऐकला नाय काय."

"तुमची काही चूक नाही," मी म्हटलं. स्कूलपर्यंत गाडी मीच चालवत आणली आणि आमचे मालक नाईक सर, त्यांना सांगितलं की मला काही दिवस टेबलावर बसवा.

"अगं विजया, बंपरला पोचा आला म्हणून कोणी नोकरी सोडतं का? आपल्या गाड्या पोचे खाण्यासाठीच जन्माला आल्यात."

"माझा पाय उठला नाही सर. उद्या टेम्पोच्या जागी माणूस असला तर?"

दुसऱ्या दिवसापासून मी लायसन्सचे फॉर्म भरायला बसले, आणि माझ्या बायका एका नवीन मुलाकडे गेल्या. तो चांगला शिकवायचा, याचाही मला राग यायचा.

आई

राग यायचा म्हटलं, पण राग हा त्यातला सोपा भाग. खरी गोष्ट अशी की मी घाबरले होते.

माझी आई शेवटची काही वर्षं विसरत गेली. तिची सुरुवात शब्दांपासूनच झाली होती. झाऱ्याला ती "ते भोकांचं" म्हणायला लागली. आम्ही हसायचो. मग ती किल्ल्या विसरली, मग भांडुप स्टेशनवरून घरी यायचा रस्ता, मग मला. मी भेटायला गेले की बशीत बिस्किटं ठेवायची आणि निघताना मला म्हणायची, "बाई, आता जा हं, तुमची आई वाट बघत असेल."

त्यामुळे टेम्पोचं नुकसान मी दोन दिवसांत विसरले आणि तो न आलेला शब्द माझ्या मानगुटीवर बसला. आपलंही तेच सुरू झालंय, याबद्दल मला शंकाच राहिली नाही. प्रकाशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मी यातलं काही सांगितलं नाही. तो आणि मी कांजूरच्या एकाच चाळीत वाढलो. आमच्यात अहो-बिहो कधी नव्हतंच. माझ्या आईची अवस्था त्यानं डोळ्यांनी बघितली होती. त्याला सांगितलं असतं तर तो माझ्याकडे त्याच नजरेनं बघायला लागला असता, आणि ते मला सोसलं नसतं.

बाकी जे चाललं होतं ते त्याला दिसतच होतं. झोप नाही. गाऊन भिजून बदलायला लागायचा. सांधे इतके दुखायचे की पोळ्यांची कणीक मळताना डोळ्यांत पाणी यायचं. फॅन फुल्ल, एसी सोळावर, आणि शेजारी प्रकाश गोधडी गुंडाळून कुडकुडत. एकदा मी त्याला म्हटलं, "तू बाहेर हॉलमध्ये झोप, माझ्या जवळ येऊ नकोस." तो उशी घेऊन गेला. मीच सांगितलं म्हणून गेला, आणि गेला म्हणून मी त्याच्याशी आठवडाभर धड बोलले नाही.

निदानाचा दिवस

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले ते छाती धडधडते म्हणून. त्यांनी कार्डिओग्राम काढला, शुगर, थायरॉइड सगळं तपासलं. सगळं नॉर्मल. नॉर्मल ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मी आणखीच घाबरले, कारण आता उरलं होतं फक्त डोकं. शेवटी त्यांनी मला घाटकोपरच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. मी वैतागले. बिघाड डोक्यात आणि पाठवतात कुठे.

डॉक्टर माझ्यापेक्षा लहान होत्या. त्यांनी आधी माझं सगळं ऐकून घेतलं. मी धडधड सांगितली, घाम सांगितला, टेम्पो सांगितला, आणि कधी नव्हे ते आईचंही सांगून टाकलं.

"पाळीचं काय?" त्यांनी विचारलं.

"तिला वाटेल तेव्हा येते. कधी दोन महिने नाही, कधी पंधरा दिवसांत हजर."

"आणि हे सगळं तेव्हापासूनच?"

खरंच तेव्हापासूनच होतं. पण पाळीचा आणि शब्द विसरण्याचा काही संबंध असेल असं माझ्या ध्यानीमनीही नव्हतं. शाळेत नाही, घरात नाही, मैत्रिणींत नाही, कुणीच कधी सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते एवढंच की पाळी जाते आणि सुटका होते.

डॉक्टर म्हणाल्या, "तुमच्या आईचा आजार तुम्हाला कधीच होणार नाही, असं मी लिहून देऊ शकत नाही. ते कोणालाच देता येत नाही. पण आज तुम्हाला जे होतंय ते मला तरी तसं दिसत नाही. हा मेनोपॉजकडे जाण्याचा काळ आहे. शब्द न आठवणं, झोप उडणं, सांधे दुखणं, हे पुष्कळ जणींना होतं."

मी त्यांच्या टेबलावर डोकं ठेवून रडले. म्हातारपणाची वर्दी मिळाली म्हणून आनंदानं रडलेली बाई त्यांनी पहिल्यांदाच बघितली असावी. त्यांनी टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला आणि पुढच्या पेशंटला थांबायला सांगितलं. त्यांनी घाई केली नाही, हे मी विसरणार नाही.

घरातली मतं

मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली, घरात कोणाला कॅन्सर होता का, पायात रक्ताची गुठळी झाली होती का, सगळी चौकशी झाली. मग डॉक्टर म्हणाल्या की तुम्हाला हार्मोनचा पॅच देता येईल. आठवड्यातून दोनदा बदलायची छोटीशी पट्टी, कमरेखाली मागच्या बाजूला लावायची. गर्भाशय आहे म्हणून सोबत एक गोळी. फायदा काय, धोका काय, दोन्ही त्यांनी समोर ठेवलं आणि म्हणाल्या, "घरी विचार करा. हे प्रत्येकीसाठी नसतं."

घरी विचार म्हणजे काय झालं ते सांगते. प्रकाश म्हणाला, "हार्मोन म्हणजे कॅन्सर." एवढं बोलून तो पेपर वाचायला लागला.

"तुला कोणी सांगितलं?"

"सगळ्यांना माहितेय यार."

"मग सगळ्यांना माझ्या जागी झोपायला बोलाव."

नणंदेचा फोन आला. तिला प्रकाशनंच सांगितलं असणार. "वहिनी, हे नैसर्गिक असतं गं. आपल्या आयांनी कधी काही घेतलं का?" मी म्हटलं, मोतीबिंदूही नैसर्गिकच असतो, मग तुझ्या आईचं ऑपरेशन कशाला ठरवतो आहोत आपण? फोन लवकर संपला.

शेवटी प्रकाशला मी घाटकोपरला सोबत नेलं आणि त्याचे सगळे प्रश्न त्याला डॉक्टरांनाच विचारायला लावले. विचारताना तो चाचरत होता. परत येताना रिक्षात म्हणाला, "मला कॅन्सरची भीती नव्हती गं इतकी. तू चिडतेस, रडतेस, मला काहीच करता येत नाही. त्यात अजून काही नवीन नको, असं वाटलं." इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मला त्याची दया आली. मी त्याचा हात धरला आणि लगेच सोडला, कारण वाफ आली.

एक मात्र मी त्याला बजावलं. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, यातलं काही सांगायचं नाही. त्या आमच्याजवळच राहतात, पण मूळच्या कुडाळकडच्या. औषध म्हणजे काढा, आणि त्यानं गुण नाही आला तर देवाचा कौल. त्यांच्या कानावर गेलं असतं तर पट्टीची बातमी गावच्या वाडीपर्यंत पोचली असती.

पट्टी

केमिस्टकडे पॅच मागितला तर त्यानं कंबरदुखीची पट्टी काढून दिली. नाव लिहिलेला कागद दाखवला तेव्हा तो एकदम गंभीर झाला आणि "मागवावा लागेल मॅडम" असं इतक्या हळू बोलला, की मागे उभ्या असलेल्या बाईला वाटलं असेल मी काय भलतंच घ्यायला आलेय.

एवढीशी पारदर्शक पट्टी. क्लिनिकमधल्या मुलीनं ती कशी लावायची ते मला सांगितलं होतं. मी मानही डोलावली होती. पण त्या दिवसांत सांगितलेलं निम्मं माझ्या डोक्यात शिरत नव्हतं. विसरण्यावरचा उपाय विसरणाऱ्या बाईला तोंडी सांगायचा, हे कोणी ठरवलं कोण जाणे. तुम्ही जाल तेव्हा लिहून घ्या.

पहिले दोन-तीन आठवडे बरे गेले. जादू नाही, पण एकदा सलग सकाळपर्यंत झोप लागली. उठले तर गाऊन कोरडा. मी तो हातानं चाचपून बघितला, मग गादी चाचपून बघितली. प्रकाशला हॉलमधून उठवून सांगितलं. तोही येऊन गादी चाचपून गेला. मी टेबलावर फॉर्म भरताना बाहेरच्या गाडीकडे बघायला लागले होते.

आणि मग सगळं पुन्हा बिघडलं.

तेल

नवरात्राच्या आसपासची गोष्ट. संध्याकाळी मी पाय ओढत स्वयंपाकघरात जात होते. मोतीबिंदूमुळे आईंना नीट दिसत नव्हतं, पण माझी पावलं त्यांनी ऐकली.

"पाय दुखतत काय गो? ये हय. तेल लावतंय."

"नको आई, कशाला."

"डोळे नसले तरी हात आसत माझे. ये."

निगडीचा, म्हणजे निर्गुडीचा, पाला घालून कढवलेलं खोबरेल. ते बाटलीतून गावाहून येतं. त्यांनी माझ्या पोटऱ्या, गुडघे, कंबर, सगळं चोळून दिलं. त्यांचे हात अजून दणकट आहेत. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आम्ही दोघी कधी एकमेकींच्या अंगाला हात लावणाऱ्यातल्या नव्हतो. वाढताना ताट पुढे करायचं, नमस्काराला वाकायचं, एवढाच काय तो स्पर्श. मी पालथी पडले होते आणि माझ्या डोळ्यांतून उशीवर पाणी गळत होतं. मला फार बरं वाटलं. त्या दिवसापासून ते रोजचंच झालं. संध्याकाळची दिवाबत्ती झाली की आई हाक मारायच्या आणि मी जाऊन पडायचे.

पट्टीच्या कडा सुटायला लागल्या. मला वाटलं, परकराच्या नाडीनं घासत असेल, नाहीतर घामानं. मी तिच्यावर सेलोटेप लावला. एकदा ती गाऊनला चिकटलेली सापडली, एकदा सापडलीच नाही. नवीन लावली की तीही निसटायची. झोप गेली, वाफा परत आल्या, आणि एका सकाळी मी मार्केटमध्ये कोळणीसमोर उभी राहिले आणि मला बोंबील म्हणता येईना.

बोंबील! समोर पाटीत चकचकीत पडलेले. मी बोट दाखवून "हे द्या" म्हटलं. ती हसून म्हणाली, "काय गं, आज बोंबलाला काय नावानं हाक मारत नाय?" मीही हसले. पिशवी घेऊन कोपऱ्यावर गेले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. मालवणी घरातली बाई बोंबलाचं नाव विसरते म्हणजे वाट लागली होती.

मी मनात हिशेब मांडला. औषध चालू आहे आणि तरीही हे होतंय, म्हणजे डॉक्टर चुकल्या. म्हणजे हे पाळीचं नाही. म्हणजे हे माझ्या आईचंच. घरी येऊन बोंबील साफ करताना मी प्रकाशला म्हटलं, "मी नोकरी सोडते. टेबलावरची पण." त्यानं का विचारलं. मी म्हटलं, कंटाळा आला. दिवाळीनंतर नाईक सरांना सांगायचं मी पक्कं केलं.

पहिली आंघोळ

आमच्याकडे नरकचतुर्दशीला पहाटे आई सगळ्यांना स्वतःच्या हातानं तेल लावतात. आधी मुलाला, मग सुनेला. मी परकर छातीवर बांधून पाटावर बसले. आईंनी पाठीला तेल लावलं, उटणं लावलं आणि कमरेशी खसाखसा चोळताना थांबल्या.

"ह्या काय गो? साल निघाली काय तुझी?"

त्यांच्या तळहातावर तेलात आणि उटण्यात लडबडलेली पट्टी गुंडाळी होऊन पडली होती. त्या ती बोटांनी चाचपत होत्या, डोळ्यांजवळ नेऊन बघत होत्या.

मी सांगायचं नाही ठरवलं होतं, पण उटण्यानं माखलेल्या, पाटावर उघड्या बसलेल्या बाईला काय लपवता येतं? सांगितलं सगळं. वाफा, झोप, डॉक्टर, पट्टी, टेम्पो. फक्त बोंबील राहिला होता, तोही सांगितला. आई ऐकत होत्या. मग त्यांनी विचारलं, "आणि ही पट्टी तेलावर चिकटता?"

मला क्लिनिकमधली ती मुलगी आठवली. तेल, क्रीम, पावडर लावलेल्या जागी चिकटवू नका, अंग कोरडं हवं. सांगितलं होतं तिनं. शब्द न् शब्द सांगितलं होतं. आणि मी रोज संध्याकाळी कमरेला खोबरेल चोपडून घेत होते.

"म्हणजे मीच काढलंय ती? ह्या हातान?" आई म्हणाल्या.

"नाही आई, तुम्हाला काय माहीत—"

"माका कित्याक नाय सांगलंस?"

आई मोरीच्या उंबऱ्यावर बसल्या. हात उटण्याचे तसेच. मग त्या बोलल्या ते मी या घरात कधीच ऐकलं नव्हतं.

"माझ्या अंगातसून अशेच वाफो येयत. चाळीत मोरीत जावन बसायचंय मी, नळाखाली. रडायचंय. तुझ्या सासऱ्याक वाटला, हिका कायतरी लागला. गावचो माणूस बोलावल्यान. अंगारो लावल्यान माका, केस धरून इचारल्यान, कोण आसस सांग. सगळी चाळ बघी होती." त्यांनी पट्टी परत तळहातावर पसरली. "तुका निदान पट्टी गावली."

बाहेर फटाके सुरू झाले होते. प्रकाश दाराशी येऊन "कारीट फोडायचंय, किती वेळ?" म्हणाला आणि आम्हा दोघींना रडताना बघून परत गेला. आईंनी उठून माझ्या अंगावर कढत पाणी ओतलं. मग साबण माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "कंबर नीट धू. दोनदा धू."

मासे नाहीत तो दिवस

डॉक्टरांना सगळं सांगितलं तेव्हा त्या आधी हसल्या आणि मग म्हणाल्या की तेलाची मालिश गुडघ्यांपर्यंत चालेल, त्याच्या वर नाही. आणि हो, सुटलेली पट्टी दुसऱ्या कोणाच्या हाताला चिकटायला नको, घडी करून टाकून द्यायची. आईंनी हे सगळं कायद्यासारखं पाळलं. त्यांनीच दिवस ठरवून दिले. आमच्याकडे सोमवारी आणि गुरुवारी मासे शिजत नाहीत. "ज्या दिवशी मासो नाय, त्या दिवशी पट्टी," आईंनी जाहीर केलं. एक संकष्टी मंगळवारी आली, तेव्हा मासे नाहीत म्हणून त्यांनी मला पट्टी बदलायला लावायचा घाट घातला. समजावता समजावता पुरेवाट झाली.

"आणि श्रावणात काय? महिनाभर रोज पट्टी?" प्रकाश म्हणाला.

"तुका अक्कल नाय," आई म्हणाल्या. पण रात्री जेवताना त्यांनी मला हळूच विचारलं, की खरंच श्रावणात काय करायचं.

फरक हळूहळू पडला. झोप आधी आली. मग सांधे. वाफा कमी झाल्या, अजून अधूनमधून येतात. चिडचिड गेली असं मी म्हणते, प्रकाश म्हणत नाही. पण तो उशी घेऊन परत आत आला. शब्द सगळ्यात शेवटी आले, एकेक करून. आजही एखादा अडतो. अडला की माझी आई आठवतेच. पण आता मी तो शब्द आठवेपर्यंत थांबते, आणि तो येतो.

डावीकडे

जानेवारीत मी नाईक सरांना म्हटलं, मला परत बसायचंय. ते म्हणाले, "चल, मला शिकव." स्वतः स्टिअरिंगवर बसले आणि मुद्दाम अशी भयाण गाडी चालवली की मी पहिल्याच वळणावर "ब्रेक! ब्रेक! डोळे कुठेत तुमचे?" असं मालकावर ओरडले. माझा पाय तोवर खाली गेलेला होता. गाडी जागच्या जागी बंद पडली. "सोमवारपासून ये," ते कपाळ चोळत म्हणाले.

कल्पनाबेनला तोवर लायसन्स मिळालं होतं, त्या नवीन मुलाकडून. पण रस्त्यावर एकटीनं जायची तिची हिंमत होत नव्हती, म्हणून स्वतःच्या गाडीत ती मला शेजारी बसवून सराव करायची. तिच्या गाडीत माझ्या बाजूला पेडलं नसतात, हँडब्रेकवर हात ठेवून बसावं लागतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर आईंना घाटकोपरला तपासणीला न्यायचं होतं. कल्पनाबेन म्हणाली, "मी नेते ना. प्रॅक्टिस पण होईल." आई काळा चष्मा लावून मागे बसल्या. मी शेजारी बसून कोणाला शिकवतेय अशा गाडीत त्या आजवर कधी बसल्या नव्हत्या.

एलबीएस रोडला लागल्यावर आईंना काय आठवलं कोण जाणे. मागून मोठ्यानं म्हणाल्या, "विजू, आज सोमवार मा? पट्टी बदललंस?"

"बदलली, आई."

"पट्टी कसली? लागलंय काय मॅडम?" कल्पनाबेननं समोर बघतच विचारलं.

मला विषय बदलता आला असता. सवयीनं ओठांवर आलंही होतं, काही नाही, कंबर दुखते. पण मागे आई होत्या, ज्यांचे केस धरून कोणीतरी विचारलं होतं, कोण आहेस सांग. मी सांगितलं. पाळी जायला लागलीये, त्याचं औषध आहे. त्या दिवशी टेम्पोपाशी मला ब्रेक हा शब्द आठवला नाही, तो यामुळे.

कल्पनाबेन समोर बघून गाडी चालवत राहिली. एक सिग्नल गेला, भांडुप मागे पडलं. मला वाटलं, चुकलंच, तिला अवघडल्यासारखं झालं. मग तिनं आरशात बघितलं, डावा इंडिकेटर दिला, मागून येणाऱ्या बसला जाऊ दिलं, गाडी हळू करत अगदी कडेला घेतली, न्यूट्रल केली आणि थांबवली. मी एक शब्दही सांगितला नव्हता. हँडब्रेक ओढायला तिनं हात खाली आणला, तर तिथे माझा हात होता. तिनं तो तसाच धरून ठेवला.

"मॅडम," ती म्हणाली, "मी रोज किचनमध्ये फ्रिजचा दरवाजा उघडून उभी राहते. घरात बोलले नाय कोणाला. मला वाटते, माझा डोका गेला."

मागून आईंनी पाण्याची बाटली पुढे केली.

"बोला," मी म्हटलं. "डॉक्टरकडे थोडा उशीर झाला तरी चालेल."